लाईट आली… मंग?

रशीदमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या एका कॉलेजात स्वतःच्या हुशारीवर भाषण ठोकत होतो. विषय, इलेक्ट्रिकलच्या मुलांना प्रोग्रामिंग कसं शिकवावं. फोन ठेवून भाषणाचा कागद वरपासून खालपर्यंत चाळला… ज्यांच्याकडून ते शिकलो, त्यांचं नावही भाषणात नव्हतं.

मामा आमच्या सांगलीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. त्याआधी तासगावात पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. प्रोग्रामची एक ओळ त्यांना वाचता यायची नाही, त्यामुळं यांचं आता काय काम, असं मला वाटायचं. लॅपटॉपवरून मोटर चालवणारा प्रोग्राम मी मुलांना लिहून दिला होता. त्यात माझी खास करामत : वीज जाऊन परत आली, की मोटर आपोआप सुरू.

"मामा, स्विचपाशी उभं राहायची गरजच नाही आता."

"बरं झालं की," म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

त्याच तासाला लाईट गेली. मोटर थांबली, पोरांनी ओरडा केला. मोटरचा पट्टा सैल झालाय म्हणून पोरांतल्या स्वप्नालीनं पट्टा आणि पुलीच्या मध्ये बोटं घातली. मी फळ्याकडं तोंड करून बढाया मारतच होतो. लॅपटॉप मात्र बॅटरीवर जागा होता, विजेची वाट बघत… मामा ओरडले नाहीत. पोरगी दचकली असती. दोन ढांगांत फ्यूजचा बोर्ड गाठून त्यांनी मोटरचा फ्यूज उपसला.

पंखे फिरायला लागले. पडद्यावर अक्षरं उमटली, 'मोटर चालू'. मोटर ढिम्म. स्वप्नालीची बोटं अजून आतच.

"पोरी, हात काड भाईर. सावकाश."

तिनं काढला. पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मामांनी फ्यूज मला दिला नाही, तिच्या तळहातावर ठेवला. "हात तुजा, तर ह्यो बी तुज्याच खिशात." मग माझ्याकडं वळून, "आवं सर, तुमचा प्रोग्राम इच्यारतो का कुणाला, आत हात हाय का म्हनून?"

"न्हाई," मी म्हणालो. प्राध्यापकी मराठी कुठल्या कुठं पळाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मामा दाराशी स्टूल टाकून बसले. प्रत्येकानं आपला प्रोग्राम त्यांना तोंडानं सांगायचा, पटला तरच फ्यूज मिळायचा. "लाईट गेली… बरं. आली. मंग?" त्या 'मंग'नं भल्याभल्यांना घाम फुटायचा. मला सगळ्यांत जास्त.

गेल्या आठवड्यात नवा प्रोग्राम घेऊन मी त्या रिकाम्या स्टुलापुढं उभा राहिलो. मुलं बघत होती. "लाईट गेली," मी म्हणालो. "परत आली…" आणि अडकलो. चूक सापडली होती.

लॅपटॉप मिटला आणि मुलांना म्हणालो, "आज मला फ्यूज मिळत नाही."