साडूंच्या घरचं गणित

१४ जून, शनिवार. वाशीतलं शैक्षणिक साहित्याचं दुकान. रक्कम तीन हजार दोनशे चाळीस रुपये. हजर : मी, बायको, आमची सहा वर्षांची मुलगी आणि माझे साडू.

साडूंना मी बोलावलं नव्हतं, बायकोने बोलावलं होतं. मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं आम्ही ठरवलं होतं. मेव्हणी तिच्या दोन मुलांना उलव्यात तीन वर्षं घरीच शिकवत होती, म्हणून साहित्य घेताना त्यांच्यापैकी कुणीतरी सोबत असावं असं बायकोचं म्हणणं. अडचण एवढीच की त्यांच्या घरी गणित मेव्हणी नाही, साडू घेतात. साडू फर्निचरची कामं करतात. बारावीला गणितात उडाल्याचं स्वतःच हसत सांगतात. मी एकवीस वर्षं लेखा विभागात आहे. आमच्या घरी विषयांची वाटणी झाली तेव्हा भाषा, चित्रं, परिसर सगळं बायकोकडे गेलं. माझ्या वाट्याला एक गणित आलं. आणि मुलगी उलव्याहून आली की दर वाक्यात ‘काका म्हणाले’. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता, हे सरळच लिहितो.

"पाव्हणं, पहिल्यांदा लहान सेट घ्या," साडू म्हणाले. "शंभरापर्यंतचा. आमचा तेवढाच आहे."

त्यांचा तेवढाच आहे म्हटल्यावर मी तेवढाच कसा घेणार? मी हजारापर्यंतचा काढायला सांगितला. शंभर सुटे ठोकळे, दहाच्या दहा दांड्या, शंभराच्या दहा पाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा. सगळं लाकडी, झाकणाच्या पेटीत नीट बसवलेलं.

"हजाराचं तिला आत्ता काय करायचंय?" बायकोने विचारलं.

"वाढत्या मापाचं घेतलंय त्यांनी," साडू म्हणाले. "गणवेशासारखं."

दुकानदारसुद्धा हसला. मी कार्ड पुढे केलं.

सोमवारपासून रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी धडा. धडा संपला की नग मोजून पेटीत लावायचे हा माझा नियम. एकशे एकवीस भरले की झाकण. एकदा एक सुटा ठोकळा भरेना. मी सोफा ओढला, गाद्या उचलल्या, मुलीच्या फ्रॉकचे खिसे उलटे केले. ठोकळा फ्रिजखाली सापडला. मला हायसं वाटलं. मुलगी तोवर उठून आईजवळ जाऊन बसली होती.

मग ती कमी नग मागायला लागली. "पप्पा, आज पाचच काढा ना." पाचात कसली बेरीज होणार? पुढे पेटीच नको झाली, तोंडी विचारा म्हणायची. जुलैअखेर गणिताचं नाव काढलं की तिचं पोट दुखायचं.

बायकोने एक दिवस सांगूनच टाकलं, "गणित उलव्यालाच होऊ दे. आठवड्यातून दोनदा मी सोडून येत जाईन. तिथे तिचं पोट दुखत नाही."

म्हणजे होता तो एक विषयही साडूंकडे. "आधी मला बघू दे," मी म्हणालो. त्या रविवारी आम्ही उलव्याला गेलो.

त्यांचं साहित्य स्टीलच्या डब्यात होतं. ठोकळे, शर्टाची बटणं, कपड्यांचे चिमटे, चिंचोके, सगळं एकत्र. साडूंनी डबा फरशीवर पालथा केला. त्यांच्या थोरल्याने माझ्या मुलीला विचारलं, "तुमच्याकडे गणित कसं असतं गं?"

"आमच्याकडे गणित झालं की हरवलेलं शोधतात."

साडू इतके हसले की चहा बशीत सांडला. "अहो!" म्हणून मेव्हणीने डोळे वटारले आणि मला म्हणाली, "मनावर घेऊ नका, दाजी." मी घेतलं.

साडूंनी मुलीला चौतीस आणि अठ्ठावीस मांडायला सांगितले. तिने पाच दांड्या आणि बारा सुटे मांडले. बारातले दहा सुटे बाजूला सारून ती म्हणाली, "काका, याची दांडी द्या." मला तिने हे कधीच म्हटलं नव्हतं. दांडी नव्हती. धाकट्याने बाकीच्या कुठे घालवल्या देव जाणे. साडू बाल्कनीत गेले, एका लाकडी पट्टीचा तुकडा करवतीने कापून घेऊन आले. मुलीने त्याला लागून दहा सुटे ओळीने ठेवले.

"काका, ही साडेनऊची आहे."

"चालतंय की."

"नाही चालत."

हे ‘नाही चालत’ अगदी माझं होतं, ठसक्यासकट. बायको माझ्याकडे बघून गालात हसली. साडू निमूट उठले, दुसरा तुकडा कापून आणला. तो दहाचा भरला. "बासष्ट," ती म्हणाली, आणि साडूंच्या हातावर टाळी दिली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"मग दोन दिवसांचं कसं करायचं?" बायकोने मला विचारलं.

मी मुलीलाच विचारलं, "घरी माझ्याबरोबर असं करशील?"

तिने आधी खात्री करून घेतली. "शेवटी मोजायचं नाही ना?"

"नाही."

"आणि हरवलं तर?"

याचं एकच उत्तर तिला पटण्यासारखं होतं, आणि ते तोंडातून काढणं मला जड गेलं. "तर काकांकडून कापून आणू."

"मग करेन," ती म्हणाली.

दर वेळी इथे मागायला यायला नको म्हणून मी साडूंना तिथल्या तिथे डझनभर पट्ट्या कापायला सांगितल्या. माप मुलीने पाहिलं, तीन परत पाठवल्या. साडू पैसे घेईनात. फुकट नेलं असतं तर घरी त्यांचंच नाव निघत राहिलं असतं, म्हणून मी ऐकलं नाही. पन्नास रुपये रोख साडूंच्या हातावर ठेवले. त्यांनी नोट उजेडात धरून पाहिली आणि खिशात घातली. "पावती देऊ का, पाव्हणं?" म्हणाले.