रोह्याचे पाट आणि माझी मान

पेण स्टेशनात रोह्याची गाडी शिरली तेव्हा मला ती दिसलीच नाही. माझी मान डावीकडे वळत नव्हती आणि गाडी आली डावीकडून. "आली गो, चढ," म्हणत आमच्या ह्यांनी मला डब्यात लोटलं.

माघात कारखान्यातली शिडी सरकली आणि मी मानेवर आपटले. पेणमध्ये गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेजारणीचा निरगुडीचा शेक झाला. दुखणं मात्र खांद्यावरून उतरत बोटांत आलं, आणि माझं पोट त्या बोटांवरच आहे. गणपतीच्या कारखान्यात आखणी (मूर्तीचे डोळे रेखाटणं) मी करते. ऐन आषाढात कुंचला थरथरायला लागला तेव्हा माझा धीर सुटला. रोह्यात मानेचे चांगले डॉक्टर आहेत असं कळलं, म्हणून हा प्रवास.

कासू स्टेशन गेलं. उजवीकडे भाताची लावणी चालली होती, हिरवंगार दिसत होतं. डावीकडची शेतं परतताना बघू म्हटलं. समोरच्या मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे केली.

"मान धरली काय गो? लाटणं फिरव."

"शिडीवरनं पडली हाय ती," हे म्हणाले.

"मंग दोन लाटणी फिरव."

सुकट झकास होती. नागोठण्यापर्यंत मान विसरले.

रोह्याच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे उजेडात धरून पाहिला, बोटं दाबली. "मान खाली घालायची नाय. वजन उचलायचं नाय. काम काय करता?"

"गणपतीचे डोळे."

त्यांनी कारखाना विचारला. मी सांगितला, तसे ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे आमच्या घरच्या गणपतीची आखणी तुमची!"

मग बसले आणि गंभीर झाले. "यंदा आखणी बंद. हट्ट केलात तर ऑपरेशनवर जाईल, आणि त्यानंतरही हात पहिल्यासारखा चालेलच असं नाय."

"सगळी बंद?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमचा एक सोडून."

आमच्याकडे गणपती सांगायचा तर घरचा पाट आधी कारखान्यात द्यायचा. मूर्ती त्याच पाटावर घडते. दवाखान्याच्या वरच डॉक्टरांचं घर. त्यांच्या आई पाट घेऊन खाली आल्या. "पेणला चाललाच हाव, तर न्या. डोळे तुम्हीच करा हां, बाई." तो पाट बाहेर बसलेल्या पेशंटांनी पाहिला आणि दवाखान्यात नुसती धांदल उडाली. जवळच्या वरसे गावचे एक काका प्लास्टरच्या हातासकट रिक्षाने घरी जाऊन आपला पाट घेऊन आले. कंपाउंडरनेही आणला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मान सांभाळा, फक्त आमचा एवढा करा. "वजन उचलू नका," असं पुन्हा बजावत डॉक्टरांनी सगळे पाट ह्यांच्या हातांत दिले.

परतीच्या गाडीत पाटांच्या वर ह्यांचे नुसते डोळे दिसत होते. हसले तर मानेतून कळ गेली. त्या कळेनेच मला शहाणं केलं.

"नाय करायचे," मी म्हटलं. "डॉक्टरचापन नाय."

ह्यांनी एका हाताने पाट धरले आणि दुसऱ्याने माझा हात. डावीकडची शेतं बघायची राहूनच गेली.

कारखान्यात धाकटी जाऊ शालू रंग कालवत होती. आखणी तिला येते, पण माझ्यासमोर तिने कधी केली नव्हती. मी तिला माझ्या जागेवर बसवलं.

"वाकडा झाला तर, ताई?"

"पुसून परत काढू. घे."

ती सहज वाकली. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? मान बरी करायला गेले होते आणि जागा देऊन बसले. शालूने श्वास धरला, कुंचला टेकवला, आणि डोळा उघडला. गणपती अगदी नीट बघत होता. मला रडू फुटलं, आणि मान खाली घालता येत नसल्यामुळे ते साऱ्या कारखान्याने पाहिलं.