गोजाआत्यांच्या उंबऱ्यातली अकरा घरं

गोजाबाई आमच्या घरमालकीण. पुण्याजवळच्या चिखलीतलं जुनं शेतकरी घराणं. राहायला आलो त्या दिवशी मी त्यांना मालकीणबाई म्हणाले, तर हातातला हंडा खाली ठेवून म्हणाल्या, "मालकीन कशाची गं? आत्या म्हन. भाड्याचं काय ते सयाजीशी बोल, बाकी सगळं माझ्याशी." सयाजी त्यांचा मुलगा. तेव्हापासून त्या माझ्या आत्या.

आम्ही धाराशिव जिल्ह्यातले. माझ्या लेकीचे, दिव्याचे पप्पा, समाधान, चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहेत. लाइनवर त्यांच्या शेजारी उभा राहणारा माणूस परमनंट आहे. काम दोघांचं एकच, पण त्याची बस वेगळी, दिवाळीचा बॉक्स वेगळा, आजारपणाची सुट्टीही वेगळी. गावाकडं सोयरीक जमवताना लोक आधी तेच विचारतात, पोरगा परमनंट आहे का. माझ्या वडिलांनी विचारलं नाही. चांगलंच झालं म्हणायचं.

आत्यांच्या अंगणाच्या तिन्ही बाजूंनी खोल्या आहेत. अकरा बिऱ्हाडं. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, एक कोकणातलं. मधे आत्यांची तुळस आणि कोपऱ्यात चूल. चौथ्या बाजूला सयाजीदादांचा दुमजली बंगला, पण आत्या त्याच्या खालच्या खोलीतच राहतात. जिना चढला की गुडघे बोलतात म्हणतात. मला वाटतं त्यांना अंगण सुटत नाही. कुणाचं दूध उतू चाललंय, कुणाचं लेकरू उन्हात खेळतंय, सगळं ओट्यावरून बघायचं आणि बोलायचं. त्यांच्या बोलण्याचा आधी राग येतो. दिव्याला गोवर निघाला तेव्हा आठवडाभर वरणभाताचं भांडं माझ्या दारात येत होतं आणि सोबत, "लेकराला असं उघडं ठिवतात व्हय? आईनं काय शिकवलं तुला?" हेही येत होतं.

दिव्या शाळेत घालायच्या वयाची झाली. मोठ्या इंग्रजी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात, फी सरकार भरतं. आमच्यापासून चालत जाता येईल अशी एक शाळा होती. अर्जाला भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडून नोंदणी केलेला भाडेकरार मागत होते. नोटरीचा कागद चालणार नाही, असं मदत केंद्रावरच्या मॅडमनी सांगितलं. आमच्याकडं नोटरीचाही नव्हता. इथं खोल्या तोंडी बोलीवर चालतात.

मी सयाजीदादांकडं गेले. ते मोबाइल बघतच म्हणाले, "ताई, कागद सोडून काय पण मागा. पाण्याची मोटर बसवून देतो. पण करार नाही. गावकीत आमच्या सगळ्या मालक लोकांचं ठरलंय. कागद दिला की भाडेकरू उद्या हक्क सांगतो."

"दादा, लेकराच्या शाळेसाठी हवा होता."

"महापालिकेची शाळा आहे की. आम्ही तिथंच शिकलो."

त्यांची स्वतःची दोन्ही मुलं गाडीतून दुसऱ्याच शाळेत जायची. ते मी बोलून दाखवलं असतं आणि दादा खोली सोडा म्हणाले असते तर कुठं जायचं होतं? रात्री समाधान म्हणाले, "राहू दे गं. नशिबात असंल तसं शिकंल." मी तुळजाभवानीच्या तसबिरीपुढं बसले, पण मागावं काय तेच सुचेना.

आत्यांनी ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी शेंगा फोडताना त्यांनी विचारलं, "त्यो कागद नसला तर पोरगीला शाळेत घेत न्हाईत?"

"नाही आत्या."

त्यांनी सूप जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "आमच्या मालकांचं, सयाजीच्या बापाचं, तसंच झालं व्हतं. जमीन आमची गेली कंपनीत. तिथंच नोकरी देतो म्हनले. हे गेले तर साहेब म्हनला, शाळेचा दाखला आन. दाखला कुठला? गुरं राखली व्हती. मग गेटवर उभं केलं, शिट्टी देऊन. आमच्याच बांधावर, बघ, येनाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायचा. घरी आले की जेवायचे न्हाईत." एवढंच बोलल्या. टरफलं सुपात भरली आणि आत गेल्या. मला वाटलं विषय संपला.

अर्जाची मुदत जवळ येत होती आणि त्यातच गावाचा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी मंडपात शिजते, पण भाकऱ्या गावानं द्यायच्या, उंबऱ्यामागं एक दुरडी. टेम्पो फिरून गोळा करतो. पहिली दुरडी आत्यांच्या घरची, तो मान जुना आहे. आम्हा खोल्यांतल्या बायांना उंबरा नाही. भाडेकऱ्यांकडं टेम्पो थांबत नाही. आम्ही आत्यांच्या चुलीवर थापू लागायला जायचो, भाकऱ्या आत्यांच्या नावानं जायच्या. देवाला पोचल्याशी कारण, म्हणून मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

त्या सकाळी अंघोळ, पूजा आटोपून मी परात घेऊन गेले तर चूल थंड. आत्या ओट्यावर माळ ओढत बसलेल्या. "बस," एवढंच म्हणाल्या.

दाराशी टेम्पो आला. पुढं सोपानराव बसलेले, सप्ताह कमिटीतले म्हातारे. सयाजीदादा पांढऱ्या कपड्यांत खाली उतरले. निवडणूक तोंडावर आलेली, ते उभे राहणार हे सगळ्या गावाला माहीत.

"आये, दुरडी कुठंय?"

"न्हाई."

"पीठ संपलं का?"

"पीठ हाय, सरपन हाय, हात बी हायत."

"मग?"

आत्यांनी माळ पिशवीत ठेवली. "परवा तुझी मानसं बसली व्हती. तू म्हनलास, माझ्या उंबऱ्यात अकरा घरं हायत, एक मत हिकडंतिकडं जायचं न्हाई. म्या चहा देत व्हते."

"हां, मग?"

"मतं तुझी आनि लेकरं कुनाची?"

दादा माझ्याकडं बघायला लागले. मी पदर सारखा करत मान खाली घातली.

"आये, हे आत्ता नको. टेम्पो थांबलाय."

"थांबू दे. अकरा चुली आपल्या उंबऱ्यात असतील तर तेंचा कागद कर. नसतील तर देवाफुडं एका चुलीची दुरडी ठिवून अकरा घरांचा मालक म्हनून मिरवू नगंस. म्या थापायची न्हाई."

"उद्या खोल्या बळकावतील, तेव्हा कळंल तुला."

"कोन, ही पूनम? तिला पानी तापवायला बंब माझा लागतो. ती काय बळकावती?"

टेम्पोतून सोपानराव मिश्कीलपणे म्हणाले, "सयाजीराव, आम्ही पुढच्या उंबऱ्याला जाऊ का मग? पहिला मान यंदा त्यांना देऊ."

दादांनी हात करून टेम्पोला थांबवलं. "करतो म्हणालो ना, आये."

"कधी म्हनलास?"

"आत्ता म्हणतोय."

"तुझा शब्द मंडपासाठी ठिव. तेला फोन लाव, त्या कागदवाल्याला. मोठ्यानं आवाज काढून."

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. उद्या येतो म्हणून एजंटानं सांगितलं. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि अंगणाकडं तोंड करून ओरडल्या, "काय गं बायांनो, झोपलाय व्हय? ज्याच्या त्याच्या घरातलं पीठ आना. टेम्पो काय दिवसभर थांबायचा न्हाई."

मग जी गडबड उडाली. कुणाच्या गॅसवर, कुणाच्या शेगडीवर, सगळ्या दारांतून थापण्याचा आवाज. लातूरकरणीच्या भाकऱ्या पातळ, कोकणातल्या वहिनींच्या तांदळाच्या. आत्या प्रत्येकीला नावं ठेवत होत्या आणि दुरडीत नीट लावत होत्या. एका दुरडीत मावल्या नाहीत. सोपानराव म्हणाले, "गोजाबाई, यंदा आमटी कमी पडंल." आत्या म्हणाल्या, "मग पानी वाढवा."

अकराही खोल्यांचे करार झाले. दिव्याचा अर्ज वेळेत गेला. सोडतीत दिव्याचं नाव आधी प्रतीक्षा यादीत होतं, ते दिवस मी कसे काढले ते भवानीलाच माहीत. नंतर प्रवेश मिळाल्याचा मेसेज आला. बीडवाल्यांच्या मुलाचं नाव मात्र लागलं नाही. त्याची आई पेढा घ्यायला आली तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. तीच म्हणाली, "कागद तर हाय ना आता. धाकटीच्या वेळी बघू." गावातल्या बऱ्याच मालकांकडं अजूनही करार मिळत नाही. दिव्याच्या शाळेच्या गेटवर सकाळी मोठ्या गाड्यांची रांग असते आणि आम्ही दोघी त्यांच्या मधून वाट काढत जातो. ते एकदम बदलणार नाही, हे मलाही कळतं. पण ती आत जाते, वर्गात तिच्या नावाचा बाक आहे.

सांजवात लावताना मी सासरमाहेरची नावं घेते, त्यात आता आत्यांचंही घेते. तुमच्यासाठी दीर्घायुष्य मागते असं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "दीर्घायुष्य नगं, गुडघे माग."

परवा गावातल्या एका कार्यक्रमाच्या मंडपात सयाजीदादा माइकवर सांगत होते की आमच्या भाडेकरू बंधू-भगिनींना नोंदणीचा करार द्यायचं आपण मनावर घेतलं, कारण शिक्षण महत्त्वाचं. टाळ्या पडल्या. मी आत्यांकडं बघितलं. त्या पुढच्या रांगेत बसून सुपारी कातरत होत्या.

मी कानाशी जाऊन म्हणाले, "आत्या, ऐकताय ना?"

"ऐकतीय की," त्या म्हणाल्या. "बोलू दे. तेचं नाव व्हतंय, तुझ्या पोरीचं काम झालं. आता चारचौघांत बोललाय, फुडच्या वर्षी न्हाई म्हनता यायचं न्हाई तेला. तू पन वाजव टाळ्या."

मी वाजवल्या, अगदी मनापासून.