पुसलेल्या पेनड्राइव्हमधली हाक

गेल्या थंडीत, एका रविवारी सकाळी साडेदहाला, पुंडलिकनगरमधल्या माझ्या घरी मी तात्यांचा आवाज पुसला. त्याच संध्याकाळी साडेपाचला तो खुलताबादला काकूंनी आणि मी ऐकला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. घडलं तेवढं लिहितो.

तात्या माझे चुलते, काकू त्यांच्या पत्नी. त्यांची मेंढरं संध्याकाळी फक्त त्यांच्या हाकेवर डोंगरावरून खाली येत. ते वारले. मी कधीतरी मोबाईलवर केलेलं त्या हाकेचं रेकॉर्डिंग फक्त एका पेनड्राइव्हवर उरलं. काकू तो छोट्या स्पीकरला लावत, तेव्हाच कळप हलायचा. दुसऱ्या कुणाला दाद देत नसे.

पेनड्राइव्ह जुना झालेला. कॉपी करून ठेवू म्हणून घरी आणला. त्याच वेळी दुसऱ्या ड्राइव्हवर लिनक्सची इमेज, म्हणजे कंप्युटर चालवणाऱ्या त्या प्रणालीची अख्खी प्रत, लिहीत होतो. पहिला प्रयत्न फसला, म्हणून दोन्ही काढून परत लावले. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबून आधीचीच कमांड आणली, एंटर मारला... परत लावताना कंप्युटरने दोन्ही ड्राइव्हना दिलेल्या नावांची अदलाबदल झाली होती, कमांड तात्यांच्या पेनड्राइव्हवर चालली. ती कमांड आधी संपूर्ण ड्राइव्ह शून्यांनी भरायची, मग इमेज लिहायची. पुसलेलं परत मिळवणारी रिकव्हरी दोनदा चालवली. काही मिळालं नाही.

दुपारी पेनड्राइव्ह घेऊन खुलताबादला काकूंकडे गेलो.

“काकू, माझ्याकडून पुसलं गेलं.”

“आधी चहा पी. तोंड बघ, जसा काही तूच कळपातून चुकलास.”

“खरंच काही उरलं नाही त्यात.”

“व्हय, लई शिकलेला तू. आण इकडं.”

त्यांनी तो स्पीकरला लावला. काही सेकंद शांतता — मग तात्यांची हाक. पूर्ण. मधला खोकलाही जागच्या जागी. डोंगरावर घंट्या वाजल्या. मेंढरं उतरू लागली.

लॅपटॉप सोबत होता. तिथंच ओट्यावर पेनड्राइव्ह तपासला. त्यात फक्त इमेज. तिच्यापुढे शेवटच्या बाइटपर्यंत शून्यं. स्पीकर उघडला. आवाज साठवणारं काही आत नव्हतं.

“तुझ्या कंप्युटरला दिसत नाय, त्यात मेंढरांचा काय गुन्हा?” काकू म्हणाल्या. “आता हात लावू नको त्याला.”

चार जाणकारांना विचारलं. चौघांनीही मी केलेल्याच तपासण्या पुन्हा सांगितल्या. विचारायचंही आता सोडलंय.

काल संध्याकाळी काकूंना फोन केला. कळप खाली आला होता.