वाढ्याची गाठ

कॅरिबियन साहित्य शिकवते म्हटलं की नगरमध्ये लोकांना आधी क्रिकेट आठवतं. मग ते विचारतात, "आपला काय संबंध त्यांच्याशी?" पूर्वी मी समजावून सांगायचे, आता उलट विचारते, "तुमच्या चहात साखर असते ना?" तिकडच्या बेटांवर आफ्रिकेतली माणसं गुलाम करून नेली ती उसासाठी. आणि मी पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोड्यांची मुलगी. हा संबंध मी शोधायला गेले नव्हते, उसाच्या पाचटात लोळतच वाढले.

हैदराबादला जाऊन स्पॅनिश शिकले आणि परत येऊन कॅरिबियनमधल्या काळ्या लेखकांवर पीएच.डी.ला बसले. एका कादंबरीत एक बाई तोडलेला ऊस बांधते. मुळात नुसतंच 'बांधला' आहे. मी भाषांतरात झोकात लिहिलं, 'तिने दोरीने मोळी बांधली.' सुट्टीत ते आईला वाचून दाखवलं तर तिला हसू आवरेना.

"दोरी कुठनं आनली गं तिनं? फडात कुनी दोरी घिऊन जातंय व्हय?"

उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, पिळायचे आणि त्यांचीच गाठ मारायची. लहानपणी हजारदा पाहिलेलं मी शिकून आल्यावर विसरले होते. लाज वाटली. वाक्य सुधारलं आणि खाली तळटीप दिली: मोळी बांधण्याच्या रीतीची माहिती अमुक यांच्याकडून, ऊसतोड कामगार. 'अमुक'च्या जागी आईचं पूर्ण नाव.

मार्गदर्शक सरांनी तेवढ्याच ओळीवर लाल रेघ मारली. "घरच्या माणसांचा आधार देतात का कुठे? तुम्ही कथाही लिहिता ना, तिथे घाला आईला. इथे छापील संदर्भ द्या, नाहीतर काढा." सरांच्या स्वतःच्या गुरूंचं नाव मात्र माझ्या प्रबंधात पानोपानी चालत होतं. मी रेघ खोडली आणि तळटीप तशीच ठेवून प्रबंध दाखल केला.

हट्ट म्हणा हवं तर. आईने वीस हंगाम ऊस तोडला. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि नाव लिहितात नवऱ्याचं. वीस हंगामांत तिच्या कामापुढे तिचं नाव एकदाही लागलं नाही.

तोंडी परीक्षेला आई एसटीने आली आणि ठेवणीतलं लुगडं सावरत मागच्या बाकावर बसली. मी तासिकांवर शिकवत होते त्या कॉलेजातली कायमची जागा महिन्याभरात भरणार होती आणि त्यासाठी पदवी हातात हवी होती. बाहेरून आलेले परीक्षक इंग्रजीत म्हणाले, "काम उत्तम आहे. ती तळटीप काढा, आत्ता सही करतो. नाहीतर प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागेल." मी दोन मिनिटं मागून घेतली आणि मागे जाऊन आईला सगळं सांगितलं.

"मंग पुसून टाक की," ती म्हणाली. "माज्या नावापायी तुजी नोकरी अडत आसंल तर कशाला पायजे त्ये? मला सवय हाय."

सवय हाय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तिचं मी बरंच ऐकलं होतं, हे ऐकलं नाही. पुढे जाऊन सांगितलं, "तळटीप राहील. तुम्ही प्रबंध परत पाठवा."

त्यांनी पाठवला. मी एक अक्षर न बदलता पुन्हा दाखल केला. असा दोनदा फिरला. शेवटी दुसरे परीक्षक आले आणि दीड वर्षाने पदवी मिळाली. तोवर कायमची जागा भरली होती. मी अजून तासिकांवर शिकवते, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

बांधून आलेला प्रबंध घरी नेला. आईला वाचता येत नाही. मी ते पान उघडून तळटिपेवर तिचं बोट ठेवलं. ती बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"ह्यात तुज्या बापाचं कंचं आन् माजं कंचं?"

"पहिलं तुझं," मी म्हटलं.