पांढरी सोडलेली मेंढरं

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवूनच सांगितलं होतं. यापुढची औषधं दुखणं कमी करण्यापुरती. माझ्या नवऱ्यानं मान डोलावली, त्यांचे आभार मानले, आणि परतताना रिक्षात ते मला म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्या विषयावर आपण घरात बोलायचं न्हाई." फौजेत अर्धं आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी एकदा सांगितलं की ते सांगून झालेलं असायचं.

मी शाळेत मराठी शिकवत असे. बोलल्याशिवाय गोष्टी संपत नाहीत, अशी माझी समजूत. माधवनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच, आणि दोघांनाही ठाऊक असलेली ती एकच गोष्ट बोलायची नाही. मला पुष्कळ विचारायचं होतं. त्यातलं एक तर विचारायलाच हवं होतं, की नंतर कुठं? सांगलीत कृष्णेच्या घाटावर, जिथं ते निवृत्तीनंतर रोज पोहायला जात, की माण तालुक्यात त्यांच्या गावी, जिथं त्यांच्या वडिलांची रक्षा रानात पुरली होती? ते मला त्यांच्या तोंडून हवं होतं. मी विषयाच्या जवळ गेले की ते रेडिओचा आवाज वाढवत.

त्या दिवसांत माझी धाकटी बहीण साताऱ्याहून आली. तिनं मोठ्या माणसांसाठीचं रंगवायचं पुस्तक आणि रंगीत पेन्सिलींचा डबा आणला. तिला स्वतःला रक्तदाबावर त्याचा गुण आला होता. यांनी पानं उलटली. सगळी बारीक नक्षी, फुलं, पाकळ्यांच्या आत पाकळ्या. "मेहुणीनं मला बालवाडीत घातलं," ते म्हणाले, आणि पुस्तक उशाखाली सारलं.

भांग माझ्या दिरांनी आणली. ते गावीच असतात, थोडी शेती आणि थोडी मेंढरं सांभाळतात. गावातल्या महादेवाच्या देवळात शिवरात्रीला पुरुषमंडळी भांग घोटतात, तेवढाच माझा तिच्याशी ऐकीव संबंध. स्टीलच्या डब्यात वाटलेला हिरवा गोळा माझ्या हातात देत ते म्हणाले, "वहिनी, दुधात कालवायची, फडक्यातनं गाळायची. सुपारीएवढीच. आन दादाला एकट्याला देऊ नका."

"म्हणजे?"

"आवं, भांग एकट्यानं प्यायची नसती. एकट्याला ती खाती. आदी देवाला दावायची, मग दोघांनी घ्यायची. तुमी नुसती ओठाला लावली तरी चालंल."

हे कायद्यात बसतं का, असं मी विचारलं. "महादेवाला विचारतो," दीर म्हणाले. डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि जपून द्या एवढंच म्हणाले.

तेव्हापासून दुपारी जेवण आटोपलं की मी देव्हाऱ्यापुढं पेला ठेवायची, मग त्यांना द्यायची, आणि एक घोट स्वतः घ्यायची. गवतासारखी चव. त्यांचं दुखणं काही जायचं नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं व्हायचं. हात मोकळे राहायचे. त्या मोकळ्या हातांनी एके दिवशी त्यांनी उशाखालचं पुस्तक काढलं.

मग ती रीतच झाली. ते ब्लेडनं पेन्सिलींना टोकं काढायचे आणि उंचीनं ओळीत लावायचे. पुस्तक आमच्या दोघांच्या मध्ये. ते पानाच्या मधून सुरुवात करत, मी कडेची वेलबुट्टी घेई. माझा रंग रेषेबाहेर गेला की म्हणायचे, "बाई, बांध कोरू नका." तासभर श्वास संथ चालायचा. कपाळावरची आठी सुटायची. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही असे मांडीला मांडी लावून कधी बसलो नव्हतो. पण बोलणं व्हायचं ते लाल की केशरी एवढंच.

श्रावणातली एक दुपार. बहीण आदल्या दिवशी येऊन गेली होती, कंदी पेढे ठेवून. त्या दिवशी त्यांना फारच दुखत होतं. पेला हातात घेऊन ते म्हणाले, "आज अर्धी तू घे. नुसती ओठाला लावून मला फसवतीस." मी अर्धी घेतली. तोंडाची चव जावी म्हणून वर दोन पेढे खाल्ले. भांगेवर गोड खाल्लं की ती चढते, हे गावाकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी दुसरा पेढा तोंडात टाकला तेव्हा ते हसत होते, एवढं आठवतं.

त्या दिवशीचं पान निराळं होतं. डोंगर, कुंपण, काठी घेतलेला मेंढपाळ आणि त्याचा कळप. कुठल्यातरी परदेशातलं चित्र असावं.

"ही मेंढरं हायत का कापूस पिंजून ठेवलाय? नाक कुठाय ह्यांचं?" ते म्हणाले. "आमच्या मेंढराचं नाक बघ, पोपटागत."

त्यांनी डोंगर रंगवला. आभाळ रंगवलं. मेंढपाळाच्या टोपीवर लाल मुंडासं चढवलं. मेंढरं मात्र तशीच ठेवली.

"ही राहिली," मी म्हणाले.

"राहिली न्हाईत. सोडल्यात." पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं रंगवत्यात, आन गल्लीतनं पळवत्यात. घरातलं कुणी गेलं आसंल तर त्या साली रंग लावायचा न्हाई. पांढरा कळप दिसला की वाटंवरच्या माणसालाबी समजतं."

"आपल्यात कुठं कोण गेलंय?"

"पाडवा कुठं आलाय अजून."

असा तो विषय निघाला. त्यांनीच काढला. आणि मग ते बोलत राहिले, ऊन खिडकीतून भिंतीवर चढेपर्यंत. इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होते ते सगळं त्या दुपारी माझ्यासमोर मांडलं गेलं.

आणि माझ्यापाशी त्यातलं फार थोडं आहे.

मी कडेच्या वेलीची पानं रंगवत होते. एकेक पान मला शेताएवढं मोठं वाटत होतं. त्यातला हिरवा आधी फिका, मग गडद, शिरेपाशी थोडा पिवळा. ते पान पुरं केल्याशिवाय मला मान वर करता येत नव्हती. त्यांचा आवाज येत होता, वाक्य सुरू झालेलं कळायचं, आणि ते संपेपर्यंत त्याची सुरुवात माझ्या हातून सुटलेली असायची. बर्फातल्या एका ठाण्याबद्दल काही होतं. आईच्या हातच्या भाकरीबद्दल होतं. त्यांनी माझ्याकडं काही मागितलं की मला माफ केलं, असं काहीतरी होतं. रक्षेचं होतं. हो, ते नक्की होतं, कारण त्यांनी माझं मनगट धरून विचारलं, "ध्यानात राहील न्हवं?" आणि मी म्हणाले, "राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड होतं आणि आत काही नव्हतं. मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. कालचं पुन्हा सांगा, असं म्हणायचं ठरवलं होतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बोलून टाकलं, बरं झालं. हलकं वाटतंय. आता परत न्हाई काढायचं." किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा निवांत दिसत होता. तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही, हे त्या चेहऱ्याला कसं सांगायचं? मी चहा पुढं केला.

नवरात्राच्या आधी ते गेले.

नंतर एकदा मी एकटीनंच भांग घेऊन ते पान समोर ठेवून बसले. वाटलं, जिथं सांडलं तिथं सापडेल. काही सापडलं नाही. कडेची पानं मात्र खरंच सुंदर रंगवलेली होती, रेषेबाहेर एक टिंबही नव्हतं.

पण ते नंतरचं. रक्षा सावडायला आम्ही नदीकाठच्या स्मशानात गेलो, तेव्हा दिरांनी पाणी शिंपडून अस्थी मडक्यात भरल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि मला बाजूला घेतलं.

"वहिनी, दादा काय बोलला हुता का? घाटावर, का गावाकडं?"

मी नदीकडं पाहिलं. पाणी बरंच होतं.

"गावी," मी म्हणाले.

"बांधावर, का बाच्या शेजारी?"

हाही प्रश्न असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"वडिलांच्या शेजारी."

दिरांनी डोळे पुसले. म्हणाले, "बोलला ते लय बरं झालं बगा. न्हाईतर आमाला कसं कळलं आसतं?"

मी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले. मडकं त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.