एकानं वाचायचं, एकानं मेळवायचं

केस पांढरे झाले, दोन दाढा पडल्या, तरी छापखान्यात तो धाकटाच राहिला. त्याचा थोरला भाऊ त्याच टेबलाला पलीकडच्या अंगाला बसायचा, म्हणून हा धाकटा. पुढं थोरला गेला, पण त्याच्यामुळं चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

छापखाना कायद्याची पुस्तकं काढायचा. कायद्याला दर वर्षी कुठंतरी ठिगळ लागतंच. नवी आवृत्ती जुळवून झाली की जुन्यातलं काय गेलं, नव्यात काय आलं, ते समासात खुणा करून दाखवावं लागे. वकील लोक आधी त्या खुणाच चाळायचे. त्यासाठी माणसं दोन लागायची. एकानं जुनं पान मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नव्या पानावर बोट ठेवून मेळवत जायचं. नुसते शब्द वाचून भागत नसे. कंस सुरू, कंस पुरा, स्वल्पविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडानं म्हणायचं. थोरल्याच्या ते इतकं जिभेवर बसलेलं की घरीसुद्धा बायकोला म्हणायचा, "पाणी दे, स्वल्पविराम, पंखा लाव, पूर्णविराम." आणि ती म्हणायची, "हात तुटलेत का, प्रश्नचिन्ह."

असं हसतंखेळतं घर. मग थोरल्याला दुखणं लागलं आणि दवाखाना सुरू झाला. वहिनीनं त्याच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसून काढल्या. एका पहाटे धाकटा तिथं होता आणि वहिनी बाकावर अंगाचं मुटकुळं करून पडली होती. थोरल्यानं डोळे उघडून विचारलं, "ती कुठाय?" धाकटा म्हणाला, "आत्ताच डोळा लागलाय. पडू दे घटकाभर." घटकाभरानं वहिनी उठली, तेव्हा थोरला संपला होता.

"मला उठवलं का नाहीत, भावोजी?" तिनं एकदाच विचारलं. धाकटा डॉक्टरांना बोलावतो म्हणून बाहेर पडला. तिथून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडली नाही की शिव्याशाप दिले नाहीत. दार लोटून आतून कडी घालावी, तसं झालं.

आता नशिबाची चेष्टा बघा. महिना सरला आणि मालकानं थोरल्याची खुर्ची वहिनीलाच दिली. बाई शिकलेली बेताची, पण वाचणं खणखणीत, अक्षरन्अक्षर कानात पडेल असं. तिलाही नाही म्हणता येईना. पोट काही अबोला धरत नाही.

तेव्हापासून ती समोर बसून वाचायची आणि हा मेळवायचा. फरक सापडला की पूर्वी तो थोरल्याला "थांब रे" म्हणायचा. आता पेन्सिलीनं टेबलावर टक करायचा. टक झालं की ती थांबे, दुसरी टक झाली की पुढं चाले. तिला खोकला आला तर तो पाण्याचा तांब्या सरकवायचा. ती प्यायची, तांब्या जागेवर ठेवायची आणि वाचू लागायची. वारसाहक्काचं कलम आलं की "मृताची विधवा, स्वल्पविराम, मृताचा भाऊ, स्वल्पविराम" असंही सपाट आवाजात वाचून मोकळी व्हायची. दिवसभर तिचा आवाज त्याच्याच कानासाठी चालायचा, आणि त्यात त्याच्यासाठी एक शब्द नसायचा. पण धाकट्यानं मनाशी एक गाठ मारली होती. एवढं वाचते आहे, तर कधीतरी कागदाबाहेरचा एखादा शब्द तोंडातून निसटेल. निसटला की आपण तो धरू, त्या पहाटेचं सांगू. समोरासमोर बसणं तेवढं सुटायला नको.

अशी वर्षं गेली. एक दिवस मालकानं दोघांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. तिथं अक्षरजुळणी करणारी बाई होती. तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणायचे. तिनं जुनी फाईल आणि नवी फाईल एका प्रोग्रॅमला दिली. पाणी प्यायला लागेल तेवढ्या वेळात त्यानं तिसरीच फाईल काढून दिली. गेलेला मजकूर लाल, त्यावर काट. आलेला मजकूर निळा, त्याखाली रेघ.

"झालं?" मालकानं विचारलं.

"झालं की," बाई म्हणाली.

पण पडद्यावर बघावं तर शिमग्यासारखं—

नव्हे, शिमगाही बरा, असा लाल-निळा चिखल. पानच्या पान काटलेलं आणि पानच्या पान नवं. मालकानं चष्मा काढून पुसला.

"आपण एवढा कायदा बदलला? सरकारलासुद्धा जमलं नसतं. काढा ते. आपली ही दोन माणसंच बरी. जा, बसा आपल्या जागेवर."

धाकट्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. वहिनी वळून निघालीसुद्धा. त्यानं तिच्यामागं निघायचं, एवढंच बाकी होतं. पण नजर पडद्यावरून हलेना. जन्मभर खोटी खूण खपवून घेतली नाही त्या माणसानं, आणि इथं पानभर खोट्या खुणा. शब्द तेच, स्वल्पविराम तेच, तरी वर काट. मासा काट्यासकट गिळल्यासारखं झालं त्याला. आणि तो बोलून गेला.

"बाई, जुनी फाईल आधीच्या ऑपरेटरची आहे. तो टाइपरायटरवरून आलेला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारायचा. त्यामुळं याला ओळन्ओळ वेगळी वाटते. ते एंटर काढा, मग लावा."

बाईनं काढले, पुन्हा लावलं. पान स्वच्छ आलं. मधे चार लाल शब्द, पाच निळे, बस. एकही खूण खोटी नव्हती. धाकट्यानं सवयीनं बोट ठेवून मेळवलं, आणि बोट शेवटच्या ओळीवर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो.

"शाबास," मालक म्हणाला. "धाकट्या, तू या बाईंच्या शेजारी बस. असल्या खोडी तूच ओळखणार. वहिनींना घडीच्या टेबलावर घेतो. पगार तोच, काळजी नको."

वहिनी दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. ती धाकट्याकडं बघून बोलली, सरळ त्याच्याशी, इतक्या वर्षांनी.

"माझी अडचण होत होती, तर तोंडानं सांगायचं होतंत, भावोजी."

ज्या शब्दासाठी तो एवढी वर्षं कान लावून बसला होता, तो असा आला. "वहिनी, तसं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं, तोवर ती जिना उतरून गेली होती.

घडीचं टेबल खालच्या मजल्यावर. तिथं सात-आठ बाया छापलेले ताव दुमडायच्या. धाकटा वर पडद्यासमोर बसू लागला. खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. प्रोग्रॅम गुपचूप खुणा करायचा, हा गुपचूप बघायचा. एकदा त्याच्या हातातली पेन्सिल आपोआप टेबलावर आपटली. ऑपरेटरबाईनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, माशी होती."

शेवटी एका दुपारी त्यानं जिवाचा हिय्या केला आणि खाली उतरला. वहिनी हाडाच्या पट्टीनं तावावर घडी दाबत होती. बाकीच्या बायांचे हात थांबले.

"वहिनी, मी ते मुद्दाम नाही केलं. खोटी खूण दिसली, राहवलं नाही. सवयीनं बोलून गेलो."

तिनं मान वर केली नाही. "आणि त्या पहाटे? तेव्हाही सवयच होती?"

"नाही. तेव्हा तुमची दया आली. तुम्ही किती दिवस झोपला नव्हतात. त्यानं विचारलं तुमच्याबद्दल. मला वाटलं, तो उठेल पुन्हा सकाळी."

वहिनीची पट्टी थांबली. "विचारलं होतं त्यांनी?"

हे त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. आत्ता सांगून बसला होता.

"काय म्हणाले?"

"ती कुठाय, म्हणाला."

तिनं तो ताव उलटला, दुमडला, पट्टीनं दाबला. मग दुसरा घेतला. त्याचीही घडी घातली.

"कधी सवय, कधी दया," ती म्हणाली. "तुमचं काहीतरी असतंच. जातं ते माझंच."

धाकटा उभाच राहिला. मागून एक बाई तावांचा गठ्ठा छातीशी धरून आली, "सरका हो दादा, वाटेत उभे आहात," म्हणाली. तो सरकला. गठ्ठा टेबलावर पडला, त्याच्या आणि वहिनीच्या मधोमध, आणि बायांचे हात पुन्हा चालू झाले.